बिलांच्या पिशवीपासून रिटर्नपर्यंत : करसल्लागाराच्या ऑफिसातले १२० तास

डिसेंबर संपत आला की आमच्या कोल्हापुरातल्या ऑफिसच्या जिन्यात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची दोन-तीन मुलं उभी दिसतात. हातात कॉलेजचं पत्र, पाठीला सॅक, आणि चपला बाहेर काढायच्या की नाही हा विचार. (काढायच्या. शंका असेल तर दाराबाहेर किती जोड आहेत ते बघा, कुठल्याही ऑफिसात हा हिशोब चुकत नाही.) आत आल्यावर वाक्य ठरलेलं : "सर आहेत का? ओजेटी करायची होती."

२०१८ साली मीही अशीच एका ऑफिसात शिरले होते. तेव्हा क्रेडिटबिडिट काही नव्हतं, शेवटचं वर्ष होतं आणि 'टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) येते' एवढं सांगण्यापलीकडे आपल्याला काय येतं हे मलाच कळत नव्हतं. आता नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे ओजेटी, आलंय. साधारण ४ क्रेडिट, एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास. आकडा ऐकायला मोठा वाटतो. रोजचे ४ तास धरले तर ३० दिवस. रविवार वगळले की पाच आठवडे.

पाच आठवड्यांत कोणी करसल्लागार होत नाही. तेव्हा एकच गोष्ट ठरवून या : एका क्लायंटचा एक महिना, बिलांच्या पिशवीपासून रिटर्न भरेपर्यंत, आपल्या हाताने न्यायचा. दहा क्लायंटच्या दहा तुकड्यांत हात घातलेली मुलं शेवटी रिपोर्टमध्ये "विविध कामांचा अनुभव मिळाला" असं लिहितात, आणि तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला गप्प बसतात.

कधी जायचं

तारखेला अर्धं काम आहे. जीएसटीच्या ऑफिसचा महिना १ तारखेला सुरू होतो आणि २० ला संपतो, मधले दहा दिवस श्वास घ्यायचे. महिन्याला रिटर्न भरणाऱ्याचं विक्रीचं जीएसटीआर-१ ११ तारखेपर्यंत, विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांवरून आपल्या खरेदीची यादी देणारं २बी जीएसटीच्या पोर्टलवर १४ ला तयार होतं, आणि कर भरून ३बी हे रिटर्न २० पर्यंत. त्याआधी ७ तारखेला टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कापून ठेवलेल्या प्राप्तिकराचा, भरणा. उलाढाल ५ कोटींच्या आत असेल तर तिमाही रिटर्नची सवलत घेता येते. त्यांचं जीएसटीआर-१ तिमाहीनंतरच्या १३ ला आणि महाराष्ट्रात ३बी २२ ला.

म्हणून जानेवारी उत्तम. महिन्यावाले आणि तिमाहीवाले दोघेही त्याच महिन्यात भरतात, आणि ३१ ला टीडीएसचं तिमाही रिटर्नही असतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रुजू व्हा, म्हणजे पिशव्या यायला लागतात तेव्हा तुम्ही जागेवर असता. १२ तारखेला आलेल्या मुलाला कोणी शिकवत नाही, कारण सगळ्यांची मान खाली असते. मार्चमध्ये तर येऊच नका. वर्षअखेर असते आणि तुमची परीक्षाही तोंडावर आलेली असते.

जागा विचारायलाही २० तारखेच्या आसपास जाऊ नका. २३ नंतर, सकाळी साडेअकराच्या सुमारास, स्वतः जा. ईमेल पाठवून वाट बघणारी मुलं अजून वाट बघतायत.

काय विचारायचं

"कुठलंही काम चालेल" असं म्हणालात की मिळेल ते काम मिळतं, म्हणजे झेरॉक्स. त्याऐवजी सरळ सांगा : "मला एका क्लायंटची खरेदी-विक्री एंट्रीपासून रिटर्नपर्यंत करायची आहे. सुरुवातीला कागद फायलीला लावीन, पण हे शिकायचंय." असं म्हणणारं पोर आमच्या सरांना लगेच आवडतं. दुसऱ्या ऑफिसांचं छातीठोक सांगता येणार नाही, पण मागणी नेमकी असली की नाही म्हणणाराही नेमकं कारण देतो.

पैशाचं विचारायला लाजू नका, पण आधी वेळ, सुट्टी आणि कोणाच्या हाताखाली बसायचं हे विचारा. लहान ऑफिसात बहुधा पेट्रोलपुरते मिळतात, कुठे तेही नाही. सीएच्या ऑफिसात आर्टिकल म्हणून, म्हणजे सीए होण्यासाठीच्या ट्रेनिंगला, बसलेल्या मुलांशी बरोबरी करू नका. त्यांची ट्रेनिंग दोन वर्षांची असते, संस्थेकडे नोंदलेली असते आणि विद्यावेतनही नियमाने असतं. तुम्ही पाच आठवड्यांचे पाहुणे. मात्र त्यांच्याशी दोस्ती करा, तुमच्या साध्या शंका त्यांनाच विचारता येतात.

न येता नुसतं सर्टिफिकेट देणारेही भेटतील. त्यांच्याकडे जाऊन तास वाचतात हे खरंय, पण उन्हाळ्यात नोकरीच्या मुलाखतीला समोरचा विचारतो, "२बी आणि खरेदी खातं जुळलं नाही तर काय करता?", तेव्हा त्या कागदावरचा शिक्का काही बोलत नाही.

पिशवी

आता खरं काम. क्लायंट बिलं देतो ती फायलीत नाही, पिशवीत. साडीच्या दुकानाची कॅरीबॅग, वर गाठ. गाठ सोडली की काय निघतं ते एकदा बघण्यासारखं असतं : खरेदीची बिलं, ट्रान्सपोर्टच्या पावत्या, महावितरणचं लाइट बिल, डिझेलच्या चिठ्ठ्या, मुलाच्या शाळेच्या फीची पावती, हॉटेलचं बिल ज्यावरची शाई निम्मी उडालीय, आणि एखादी लग्नपत्रिका.

पहिला नियम : काहीही टाकायचं नाही. चार ढीग करा, विक्री, खरेदी, खर्च, आणि 'नको'. 'नको'चा ढीग एका पाकिटात घालून पिशवीतच ठेवायचा. दुसरा : गुळगुळीत कागदावरची बिलं आधी झेरॉक्स करून घ्या, दोन महिन्यांत ती कोरी होतात. तिसरा : तारखेने लावून कोपऱ्यात पेन्सिलने नंबर घाला. पेनने नाही. तो कागद क्लायंटचा आहे.

मग एकेक बिल वाचा. वाचा म्हणजे एकूण रक्कम बघून पुढे जाऊ नका. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या माणसाचा पॅन. त्या पॅनचं चौथं अक्षर पी असेल तर एकट्याचा धंदा, एफ असेल तर भागीदारी, सी असेल तर कंपनी. एवढं कळलं की बिल बोलायला लागतं. आमच्याकडे निपाणी-बेळगावहून माल येतो, नंबर २९ ने सुरू होतो, म्हणजे आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर) लागला पाहिजे. इचलकरंजीहून आला तर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) निम्मे-निम्मे. निपाणी इथून तासाभरावर आहे आणि गाडीवाला दोन्हीकडे मराठीच बोलतो, म्हणून नवी मुलं तिथे हमखास फसतात. कराला हद्द कळते, भाषा नाही.

बिलावर खरेदीदार म्हणून आपल्याच क्लायंटचा नंबर आहे ना, हेही बघा. भावाच्या दुकानाचं बिल याच पिशवीत येणं ही रोजची गोष्ट. दर बघताना बिलाची तारीख बघा : २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांच्या बहुतेक वस्तू ५ किंवा १८ वर आल्या. त्यानंतरच्या बिलावर १२ टक्के दिसले तर लगेच चूक म्हणू नका, पण बिल बाजूला काढून विचारा. हॉटेलात जेवल्याच्या बिलावरचा कर सहसा आपण भरायच्या करातून वजा मिळत नाही, ती बिलंही वेगळी ठेवा.

टॅली उघडण्याआधी

वर कंपनीचं नाव बघा. दुसऱ्याच्या खात्यात चाळीस एंट्र्या करून ठेवलेल्या मुलाला मी रडताना पाहिलंय. दर वेळी चहाहून परत आलात की परत बघा, मधे कोणीतरी येऊन कंपनी बदललेली असते.

कॉलेजात मराठीतून शिकला असाल तर इथली भाषा एक-दोन दिवस परकी वाटेल. तुम्ही तेरीजपत्रक म्हणता, इथे 'ट्रायल'. खतावणीला लेजर, रोजकिर्दीला डे बुक. घाबरू नका, माल तोच आहे. नावे आणि जमा पक्कं असेल तर पोरं आठवड्यात पळायला लागतात. पक्कं नसेल तर कितीही शॉर्टकट पाठ करा, उपयोग नाही.

शॉर्टकट थोडेच लागतात : एफ४ कॉन्ट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ विक्री, एफ९ खरेदी, एफ२ तारीख. ऑल्ट-डी ने व्हाउचर, म्हणजे केलेली एंट्री, उडतं, ते बटण पाच आठवडे विसरून जा. बँकेतून रोख काढली ती कॉन्ट्रा (आपल्याच रोख-बँकेतली अदलाबदल), पेमेंट नाही. पहिल्या आठवड्यात ही चूक प्रत्येक जण करतो, मीही केलीय.

माझी याहून मोठी चूक सांगते. पार्टीचं नाव टाइप केलं की टॅली यादी दाखवते. कोल्हापुरात महालक्ष्मीच्या नावाची दुकानं किती, हे कोणी मोजलेलं नाही. आमच्या एका क्लायंटच्या यादीत तसल्या एकाच नावाच्या दोन पार्ट्या होत्या, एक कोल्हापूरची, एक सांगलीची. मी वरची निवडली. नंबर दोन्ही खरे, त्यामुळे पोर्टलने काही तक्रार केली नाही. बिल कोल्हापूरवाल्याच्या २बी मध्ये गेलं, आणि सांगलीवाल्याने "कर दिसत नाही" म्हणून आमच्या क्लायंटचं पेमेंट अडवून धरलं. दुरुस्ती पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये झाली. आता ३बी भरण्याआधी त्याच महिन्यात दुरुस्ती करायला जीएसटीआर-१ए ची सोय आहे, पण खरेदीदाराचा नंबर त्यातही बदलता येत नाही. तेवढा महिनाभर क्लायंट रोज फोन करायचा आणि सर फोन माझ्याकडे द्यायचे. ओरडले नाहीत. फोन दिला, बस. त्यानंतर मी पार्टी नावाने नाही, नंबराच्या शेवटच्या चार अक्षरांनी तपासते.

बँक जुळवणी

शिकायला सगळ्यात चांगली जागा हीच. बँकेचं स्टेटमेंट एकीकडे, टॅलीचं बँक खातं दुसरीकडे, आणि दोन्ही जुळेपर्यंत उठायचं नाही.

एक उदाहरण घ्या. क्लायंट आर्किटेक्ट. बिल ₹६०,००० चं, वर १८ टक्के जीएसटी ₹१०,८००, एकूण ₹७०,८००. बँकेत आले ₹६४,८००. नवा मुलगा येऊन सांगतो, "मॅडम, पार्टीने ६,००० कमी दिले." कमी दिलेले नाहीत. समोरच्या कंपनीने व्यावसायिक फीवर १० टक्के टीडीएस कापला, आणि तो जीएसटी सोडून मूळ ₹६०,००० वर कापला. ते ₹६,००० आपल्या क्लायंटच्या पॅनवर सरकारकडे जमा व्हायला हवेत, म्हणून टॅलीत 'टीडीएस येणे' या खात्यात नावे पडतात. खरंच जमा झाले का, हे नंतर प्राप्तिकराच्या पोर्टलवर बघायचं. एवढी एक एंट्री नीट कळली तर जीएसटी आणि टीडीएस यांचं नातं कळलं असं समजा. तोंडी परीक्षेत हेच उदाहरण सांगा.

फरक सापडत नसेल तर दोन जुन्या युक्त्या आहेत, मला एका म्हाताऱ्या अकाउंटंट काकांनी शिकवल्या. फरकाला ९ ने भाग जात असेल तर आकडे उलटे पडले असण्याची शक्यता मोठी : ६,५२० ऐवजी ६,२५० लिहिले की फरक २७०, आणि २७० ला ९ ने भाग जातो. फरक सम असेल तर निम्मा करा आणि त्या रकमेची एंट्री शोधा, ती चुकीच्या बाजूला पडलेली असू शकते. कॉम्प्युटर आले तरी उलटे आकडे माणूसच टाकतो.

यूपीआयच्या नोंदी मात्र डोकं खातात. कोणाचे ₹३५०, कशाचे ₹१,२००, काही कळत नाही. कळलं नाही म्हणून सगळं सस्पेन्स खात्यात, म्हणजे न उलगडलेल्या रकमांच्या खात्यात, ढकलू नका. सस्पेन्स म्हणजे पलंगाखाली ढकललेला केर. एका शीटवर तारीख, रक्कम, बँकेतला मजकूर आणि एक मोकळा रकाना अशी यादी करा आणि क्लायंटला एकदाच पाठवा. सहा वेळा सहा फोन केलेत तर सातवा तो उचलणार नाही.

२बी

१४ तारखेला पोर्टलवरून २बी उतरवा आणि टॅलीतली खरेदी त्याच्याशी एक्सेलमध्ये जुळवा. पार्टीचा नंबर, बिल नंबर, तारीख, कर. गोची बिल नंबरांत होते : बिलावर '२५-२६/१०१', आपल्या मुलाने टाकलं नुसतं '१०१', मग एक्सेल म्हणतं जुळत नाही. म्हणून एंट्री करतानाच बिलावर आहे तस्सा नंबर टाका.

शेवटी तीन याद्या उरतात. जुळलेली. आपल्याकडे आहे पण २बी मध्ये नाही, म्हणजे विकणाऱ्याने दाखवलं नाही, तो कर या महिन्यात घेता येत नाही आणि त्याला फोन करायचा. आणि २बी मध्ये आहे पण आपल्याकडे नाही, म्हणजे बिल पिशवीत आलंच नाही किंवा दुसऱ्याचं आपल्या नावावर पडलंय. या तीन याद्या घेऊन सरांसमोर जा. माझ्या मते ओजेटीतला हा सगळ्यात मोलाचा अर्धा तास, कारण इथे पहिल्यांदा कोणीतरी तुम्हाला विचारतं, "मग काय करू या?"

ओटीपी

रिटर्न भरायला क्लायंटचा ओटीपी लागतो (कंपनी असेल तर डिजिटल सहीचं टोकन, ते पेन ड्राइव्ह समजून घरी नेऊ नका). फोन तुम्हाला करायला सांगतील. "ओटीपी सांगा" एवढंच म्हणू नका, आजकाल तसं चोरच म्हणतात. आधी कोण, मग काय, मग किती.

"नमस्कार आण्णा, ऑफिसातून बोलतोय. डिसेंबरचं रिटर्न भरतोय, कर चौदा हजार दोनशे आलाय, चलन काल भरलंय. आता मोबाइलवर ओटीपी येईल, तेवढा सांगता का?"

"सांगतो की. थांब, चष्मा कुठं ठेवलाय बघतो."

चष्मा सापडेपर्यंत थांबा. आणि हे २० तारखेच्या संध्याकाळी करायची वेळ आणू नका, तेव्हा पोर्टल हळू असतं आणि आण्णा लग्नात असतात. एक दिवस उशीर झाला की ३बी ला रोजचे ₹५० विलंब शुल्क, काहीच व्यवहार नसेल तर ₹२०, आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज वेगळं.

पासवर्ड, पॅन, कोणाची उलाढाल किती, हे सगळं तुमच्या डोळ्यांखालून जाणार. स्क्रीनचा फोटो काढायचा नाही, अगदी शंका विचारण्यासाठी मित्राला पाठवायचा असला तरी. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. "त्या अमक्याचा धंदा एवढा मोठा?" हे वाक्य घरी जेवताना निघालं तरी फिरून ऑफिसात येतं.

शंका आणि माणसं

दर पाच मिनिटांनी उठून विचारू नका, आणि न विचारता पुढेही जाऊ नका. वहीत शंका लिहीत जा, चहाच्या वेळी आणि जाण्याआधी एकदम विचारा. अडलेलं बिल बाजूला ठेवा, पुढचं घ्या. मालकाला सर किंवा मॅडम, जुन्या अकाउंटंटना काका, आर्टिकलांना दादा-ताई. आमच्याकडे हे आपोआप होतं, तुमच्या ऑफिसात पहिल्या दिवशी कान देऊन ऐका. चहा आणायला सांगितलं तर एखाद्या वेळी आणा. रोज तेच होत असेल तर आठवड्याच्या शेवटी शांतपणे "तो क्लायंट मला कधी मिळेल?" एवढंच विचारा.

कागदपत्रं

तासांची नोंद रोज करा आणि दर शनिवारी सही घ्या. पाच आठवड्यांच्या सह्या एकदम मागितल्या की साहेब नेमके बाहेरगावी असतात. सर्टिफिकेट लेटरहेडवर, शिक्क्यासह, आणि नाव मार्कशीटवर आहे तसंच, पीआरएन नंबरासकट. मजकूर स्वतः टाइप करून न्या, लवकर मिळतं. रिपोर्टमध्ये क्लायंटचं नाव नको, 'किरकोळ व्यापारी, कोल्हापूर' पुरे. स्क्रीनशॉट लावायचेच असतील तर विचारून, आणि नंबर-रकमा झाकून.

शेवटच्या दिवशी एक पान लिहून ठेवा : काय झालं, काय राहिलं, कोणाला फोन करायचाय. आणि आपल्या क्लायंटची पिशवी परत जाणार असेल तर ती तुम्हीच द्या. किती फायली, कुठल्या महिन्याच्या, पोचेवर सही. 'नको'चं पाकीट विसरू नका. गेल्या वर्षी एक शेठ पिशवी घेऊन जिना उतरले आणि पुन्हा वर आले. म्हणाले, त्यात एक लग्नपत्रिका होती, तिच्या पाठीवर ट्रकवाल्याचा नंबर लिहिलाय. ओजेटीच्या पोरीने पाकीट उघडून पत्रिका हातात ठेवली.